पहिल्या हाकेचा भाव

"पिल्ला, माणूस पाळायचा तर त्याच्या पहिल्या हाकेला कधी जायचं नाही, भाव उतरतो," गल्लीतला म्हातारा बोका शिकवत होता. "दुसरीला नुसता कान हलवायचा. तिसरीला गेलास, की दुधाबरोबर सायही मिळते."

"पण बोकोबा, त्या शिलाईवाल्या काकूंच्या पहिल्याच हाकेला तुम्ही शेपटी वर करून धावायचात म्हणे!"

"तिथली गोष्ट निराळी. मशीन थांबवून त्या दारात यायच्या नि 'बाळ्या, जेवायला ये रे' म्हणायच्या. कुणीच आलं नाही, तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे."

काकू वारल्या, तेव्हापासून घर बंद होतं. आज त्यांचा परगावी राहणारा मुलगा कुलूप काढत होता. तेवढ्यात शेजारीण दुधाची वाटी घेऊन आली नि तिने सवयीने हाक मारली, "बाळ्या, ये रे!"

"आलो," म्हणत मुलगा गर्रकन वळला.

"अहो, तुम्हाला नव्हे. काकूंच्या बोक्याला म्हटलं."

मुलाच्या हातातली किल्ली कुलपातच राहिली.

बोका वाटीकडे गेला नाही. "नाव याचंच," तो पिल्लाला हळूच म्हणाला. "हा तिसऱ्या हाकेची वाट बघत बसला."