ओट्याची उंची

ड्रायव्हरकीतून निवृत्त झालेल्या नवऱ्याने जुनी डिझेल पिकअप दूरच्या भटकंतीसाठी सजवायला घेतली. हौद्यावर छप्पर चढवलं, आत पलंग ठोकला, मागच्या फळीवर गॅसचा ओटा बसवला. बायकोने मात्र सांगून टाकलं होतं, "घरात रांधते तेच रानात रांधायला मी येणार नाही."

तरी एकदा बघावं म्हणून ती अंगणात आली आणि त्या ओट्यापाशी उभी राहिली. तो थेट तिच्या छातीला लागला.

"अहो, गाडीच्या नटबोल्टांची मापं तोंडपाठ आणि बायकोची उंची ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे गं. हे माप माझं घेतलंय. तू खुर्ची टाकून डोंगर बघत बसायचं."

तिने ओट्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "असं असेल तर निघायला महिनाभर थांबा. आधी घरी शिकवते."