उल्कावीरचं नवं पान

"काका गेल्यावर कपाट आवरताना हे पान सापडलं," पाहुण्याला चहा देत शेफाली म्हणाली.

आतल्या खोलीत हिंदुरावांचा कुंचला थांबला. शेफालीला काका एकच होता, आणि तो हे ऐकत होता.

एके काळी मुलांच्या चित्रकथांमधला उल्कावीर हिंदुराव काढत. प्रकाशन बंद पडलं, हाताने काढलेली मूळ पानं रद्दीत गेली. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पुतणीने त्यांना येरवड्याच्या फ्लॅटवर आणलं. मन रमेल म्हणून जुनीच पानं पुन्हा काढा, असं तिने सुचवलं. कागद मात्र ती पिवळा पडलेलाच आणायची. तो का, हे त्यांना आज कळलं.

पाहुणा गेल्यावर त्यांनी जाब विचारला. शेफालीने आवाज चढवला नाही. "गेलेल्या चित्रकाराच्या पानांना मागणी असते, काका," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून खोलीला बाहेरून कडी लागू लागली. फोन नव्हता. खिडकी इतक्या वरच्या मजल्यावर, की ओरडलं तर फक्त कबुतरं उडत.

पाहुण्याचं नाव पियुष. तो अधूनमधून येई आणि पान घेऊन जाई. हिंदुराव दाराला कान लावून त्याचं बोलणं ऐकत. उल्कावीरचा अंक न् अंक त्याला पाठ होता. कुठल्या चौकटीत कोण काय बोलतो, हे तो न बघता सांगे. शेफाली नुसती चित्रं बघायची. संवादांच्या फुग्यातली अक्षरं तिने कधी वाचली नाहीत.

पुढच्या पानावर हिंदुरावांनी उल्कावीरच्या तोंडी नवी वाक्यं घातली. 'मी गेलेलो नाही. याच घरात कोंडलेला आहे. हिंदुराव.' अक्षर जुन्या वळणाचंच आलं.

पान गेलं. मग लिफ्टचा आवाज आला की ते दाराशी जाऊन उभे राहत.

एका रविवारी सकाळी पियुष आला. बाहेर बराच वेळ दबक्या आवाजात बोलणं चाललं. शेवटी कडी निघाली.

दारात चाळिशीचा एक माणूस होता. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"सर, वाचलं मी. चला."

पियुषने पोलिसांचं नाव काढल्यावर शेफालीने वाद घातला नव्हता. तिने मुकाट्याने कपड्यांची पिशवी भरून दिली. काकांकडे बघितलं नाही.

गाडीची काच खाली होती. वारा तोंडावर घेत हिंदुराव वाटभर बोलत राहिले. आधी पोलीस चौकीत जायचं, मग शनिवार पेठेतल्या मित्राकडे. तो आपल्याला बघून घेरी येऊन पडेल, म्हणाले आणि स्वतःच हसले. पियुष मान डोलवत होता. आधी घरी दोन घास खाऊन घ्या, असा त्याचा आग्रह होता. खडकवासल्याचं पाणी दिसलं तेव्हा मात्र हिंदुरावांना रडू आवरलं नाही.

बंगला रस्त्यापासून आत होता. पियुष त्यांना हाताला धरून तळघरात घेऊन गेला आणि त्याने दिवे लावले.

चारही भिंतींवर उल्कावीर होता. रद्दीत गेलेली म्हणून हिंदुरावांनी कधीच सोडून दिलेली पानं, एकेक काचेमागे. ते या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत फिरत राहिले. खुबा दुखतोय हेही विसरले.

"हे सगळं तुम्ही जपलंत?"

"शाळेत होतो तेव्हापासून. मी एकही पान विकत नाही, सर. कुणाला दाखवतही नाही."

हिंदुरावांनी डोळे पुसले आणि चौकीत कधी निघायचं, ते विचारलं.

पियुषने जड दार हलकेच लावून घेतलं. खोलीच्या मधोमध चित्रकाराचं नवं टेबल होतं. त्याने त्याची खुर्ची अदबीने मागे ओढली.

"तुम्ही गेलात हे बाहेर सगळ्यांनी मान्य केलंय, सर. आता कशाला त्यांना त्रास? बसा. इथली हवा कागदाला मानवते, म्हणून खिडकी ठेवलेली नाही."