आवाज कोणी वाढवला

जितेंद्रने डिकीतला सबवूफर बाहेर काढला आणि त्याचा पडदा बोटांनी हलकेच दाबला. आतून खरखर आली, मागोमाग जळका वास. कॉईल गेली होती.

"यायले सांगतलं होतं, छेडछाड करू नका म्हणून," गोविंदा म्हणाला. पंधरा दिवसांपूर्वीच त्याने महाल भागातल्या जितेंद्रच्या या दुकानात मोठ्या हौसेने सिस्टीम बसवून घेतली होती. "मी लग्नात जेवून राहिलो, अन् हे गाडीत बसून भजन लावून राहिले. उडवला ना!"

त्याचे वडील, नत्थूजी, स्टुलावर अंग चोरून बसले होते. "जरासंच वाढोलं गा," ते जितेंद्रला म्हणाले. "मले बटन समजलं नसन."

जितेंद्रने सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं. जोर ठरवणारा आतला स्क्रू पार शेवटाला टेकला होता. गिऱ्हाइकाची छाती दणाणावी म्हणून डेमोला तो स्वतःच हा स्क्रू पूर्ण फिरवायचा आणि गाडी देताना अर्ध्यावर आणायचा. लग्नसराईच्या घाईत या वेळी आणायचा राहिला. मग म्हाताऱ्याने काय, कोणीही काहीही लावलं असतं तरी स्पीकर जळालाच असता.

"वॉरंटीत बदलून देतो," तो घाईघाईने म्हणाला. खिशातून गेले तर गेले, विषय तर मिटेल.

"दे. पण आता यायच्या हातात चाबी देत नाही मी," असं म्हणत गोविंदा वाजणारा फोन घेऊन बाहेर गेला.

नत्थूजी खाली मान घालून शर्टाची बाही उगाच नीट करत राहिले. जितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"काकाजी, तुमच्यानं नाही झालं. हा स्क्रू मीच फुल ठेवला होता. चूक माझी हाय. मी सांगतो त्याले."

म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी दाराबाहेर फोनवर बोलणाऱ्या मुलाकडे पाहिलं.

"नको सांगू गा. मांडवात चार लोकायपुढं चिल्लावला तो माझ्यावर. आता हे समजलं तं जेवणार नाही पोरगा."

"पण काकाजी, असं कसं..."

तेवढ्यात गोविंदा आत आला. "काय म्हणून राहिले हे?"

नत्थूजी उठले आणि जितेंद्रपुढे दोन्ही हात जोडले.

"काही नाही बाप्पा. माफी मागून राहिलो याले."