निरोगी गटातली लाळ

"त्या दिवशी सकाळी हिरडीतून रक्त आलं होतं माझ्या," विभागप्रमुख म्हणाले. "लाळेत रक्त मिसळलं की आकडा फुगतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं."

टेबलापलीकडे त्यांच्या हाताखाली प्रबंध करणारी संशोधक मुलगी उभी होती. तिच्या हातातल्या नळीत विभागप्रमुखांची लाळ होती. तिने ती पुन्हा तपासली होती, नव्या रसायनांनी तपासली होती, शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावरही तपासली होती. आकडा जागचा हलला नव्हता.

विभागप्रमुखांनी उभी हयात एका सिद्धान्तावर खर्ची घातली होती. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात लाळेतल्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, क्रियाशीलता वाढते. आणि ती इतक्या लवकर वाढते की गाठ डोळ्यांना दिसण्याआधी नुसत्या थुंकीवरून रोग ओळखता येतो. चाचणीच्या अंतिम परीक्षेसाठी रुग्ण मुबलक मिळाले. तुलनेसाठी निरोगी माणसे मात्र मिळेनात, कारण निरोगी माणसाला नळीत थुंकायला सवड नसते. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे विभागातल्याच मंडळींना निरोगी ठरवण्यात आले. ठरवण्यात आले, तपासले कोणालाच नव्हते. पहिली नळी मानाची म्हणून ती विभागप्रमुखांनी भरली आणि भरताना छायाचित्र काढून घेतले. पुढे नळ्यांवरचे सांकेतिक क्रमांक उलगडले, तेव्हा आलेखावर निरोगी गटातला एकच ठिपका रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसला होता. तो त्यांचा होता.

आता दोनच शक्यता उरल्या. चाचणी खरी असेल, तर त्यांना कर्करोग होता. त्यांना कर्करोग नसेल, तर चाचणी खोटी होती. इतकी स्वच्छ निवड विद्वानाच्या वाट्याला क्वचितच येते. त्यांनी जगणे निवडले आणि स्वतःच्या सिद्धान्ताची चिरफाड सुरू केली. नमुना देण्याआधी गरम चहा झाला होता. शीतपेटीची वीज मध्यंतरी गेली होती. शिवाय वयानुसार हे विकर वाढतेच. या शेवटच्या मुद्द्याला त्यांच्या सगळ्या ग्रंथांत एक तळटीपही मिळाली नव्हती.

दार उघडून त्यांची बायको आत आली. तिच्यामागे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान होते; मानेच्या आणि तोंडाच्या गाठी काढणारे नामांकित शल्यचिकित्सक. संशोधक मुलीनेच फोन करून दोघांना बोलावले होते.

"हिरडीचं रक्त, गरम चहा, वाढतं वय," शल्यचिकित्सक खुर्ची ओढत म्हणाले. "साडूभाऊ, हे सगळे आक्षेप मी भर परिषदेत घेतले होते. तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात?"

"खाटीक," बायको म्हणाली.

"सुशिक्षित खाटीक," विभागप्रमुखांनी दुरुस्ती केली. "आणि आज मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. चाचणी कुचकामी आहे. चला, जेवायला जाऊ."

"मी सहमत नाही. चाचणी बिनचूक आहे."

मग साडूंनी तोंड तपासू द्यावे म्हणून शल्यचिकित्सकांनी, ज्या चाचणीची त्यांनी आजवर यथेच्छ टिंगल केली होती, तिची बाजू मांडली. साडूंचेच आलेख काढले, साडूंचीच वाक्ये त्यांना ऐकवली. एवढा समर्थ बचाव त्या चाचणीला तिच्या जनकाकडूनही लाभला नव्हता. विभागप्रमुखांनी शेवटचा उपाय म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले.

"उघडा आता तोंड," बायको म्हणाली. "जन्मभर उघडंच होतं की. आजच काय झालं?"

तोंड उघडले. जिभेच्या कडेला, अगदी मागे, एक पांढरट चट्टा होता. शल्यचिकित्सकांनी तो दिव्याखाली पुन्हा पुन्हा पाहिला. चट्ट्याचा तुकडा काढून तपासणीला गेला.

निकालाची वाट पाहताना विभागप्रमुखांची अन्नावरची वासना उडाली. कारकुनांशी ते इतके गोड बोलू लागले की कारकून धास्तावले. न्हाणीघरात नळ सोडून ते रडतात, हे बायकोला दाराबाहेरून कळले आणि तिने ते आपल्यापाशीच ठेवले. शल्यचिकित्सक रोज संध्याकाळी येऊन बसत. भर सभेत ज्या चाचणीला त्यांनी खोटी म्हटले होते, ती याही वेळी खोटीच निघावी, एवढी एकच इच्छा घेऊन ते येत. पण 'चाचणी बिनचूक आहे' हे स्वतःचेच वाक्य त्यांना आता गिळता येत नव्हते.

निकाल त्यांनी स्वतः घरी आणला.

"काही नाही," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "कर्करोग नाही. वाकडी दाढ घासून घासून कातडी जाड झालीय, एवढंच. दाढ तेवढी सरळ करून घ्या."

बायको होती तिथेच खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. शल्यचिकित्सकांनी चष्मा काढून उगाच काचा पुसल्या. निकाल ऐकायला आलेली संशोधक मुलगी बाकावरची पुस्तके एका बाजूला सारून तिथेच टेकली; तिचा प्रबंध आता बुडाला होता आणि तरीही ती हसत होती.

विभागप्रमुखांनी मात्र निकाल वाचला, पुन्हा वाचला, कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग ज्या स्वरात ते दुसऱ्यांचे शोधनिबंध नाकारत, त्याच स्वरात ते साडूंना म्हणाले,

"तुकडा फारच वरवरचा घेतलात तुम्ही. अजून जरा खोल कापून बघा."