नाव विचारायची रीत

शहराच्या लाडक्या महानायकाच्या, वज्रमुष्टीच्या टेबलापुढची सहीची रांग पार रस्त्यावर गेली होती. शेजारच्या टेबलामागे दुसरा महानायक, तलवारवीर, सुटाबुटात ताठ बसला होता. त्याच्या पेनचं टोपणही अजून निघालं नव्हतं.

"तुमची लढाई टीव्हीवर रंगतच नाही हो," आयोजक बाई म्हणाल्या. "समोर राक्षस उभा, आणि तुम्ही हॅट काढून त्याचं नाव विचारता! तोवर लोक चॅनेल बदलतात."

"नाव विचारल्याशिवाय मी तलवार उपसत नाही," तो म्हणाला.

हॉल रिकामा झाल्यावर एक धिप्पाड माणूस त्याच्यासमोर आला. मागे पूल पाडायला निघाला म्हणून तलवारवीरानं पकडलेला राक्षस, नुकताच तुरुंगातून सुटलेला. त्यानं चुरगळलेलं पोस्टर पुढे केलं.

तलवारवीर उठला, हॅट काढून वाकला. मग त्यानं पोस्टरवर लिहिलं, 'श्री. इनोसे यांना, सप्रेम.'

माणसानं पोस्टर जवळ ओढलं. "नाव लक्षात आहे? मला तर सगळे राक्षसच म्हणतात."

"तुम्ही पुलावर सांगितलं होतंत."

"इथं नुसतं 'तलवारवीर' छापलंय," पोस्टरवर बोट ठेवत माणूस म्हणाला. "तुमचं नाव काय?"

तलवारवीरानं पेनचं टोपण लावलं, मग पुन्हा काढलं. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.