कुलूप ॲप

“बाबा, तुम्ही आईला लग्नाचं विचारलंत ते नेमकं काय बोलून?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाल्मलीने भर जेवणात विचारूनच टाकलं.

बाबा आईकडे बघायला लागले. “कुलूपवर विचारलं असणार.”

कुलूप हे सगळ्यात सुरक्षित ॲप. मेसेज वाचून झाला की ते पाठवणारा आणि वाचणारा अशा दोघांच्या डोक्यातूनही शब्द पुसून टाकायचं. काय ठरलं तेवढंच आठवायचं.

“मी हो म्हणाले असणार,” आई पोळी वाढत म्हणाली, “नाहीतर तू कुठून आली असतीस?”

“आणि माझं नाव कोणी सुचवलं?”

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

“तूही आता कुलूपच घे,” शेवटी बाबा म्हणाले. “उघड्या ॲपवरचं सरकार सगळं वाचतं.”

“मी उघडंच घेणार,” शाल्मली म्हणाली. “सरकारच्या तरी लक्षात राहील.”