अर्धा कोयता

करिष्माच्या बोटातला रक्ताचा थेंब यंत्राने वाचला आणि हिमोग्लोबिन अकराच्या वर दाखवले. दिपालीला समाधान वाटले. गरोदर बायकांनी ऊसतोडीला न जाता गावातच थांबावे आणि त्यांना घरपोच शिधा मिळावा, अशी योजना होती. ती कितपत लागू पडली हे तपासायला संस्थेने तिला दिंद्रुडला पाठवले होते. आणि आकडे, आपल्या जातकुळीला जागून, पाठवणाऱ्यांना हवे तसेच येत होते.

बाहेर करिष्माचा नवरा सोमेश्वर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी चढवत होता.

"तू थांबलीस, मग ह्यांच्या जोडीला कोण?" दिपालीने विचारले. हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

"आरोही. नणंद माझी." करिष्माने कापूस बोटावर दाबून धरला. "मुकादम अर्धा कोयता घेत न्हाई, ताई. दोघं असली तरच एक कोयता."

"शाळेत जात असेल ना ती?"

"आठवीत व्हती."

दिपालीने अहवालाचा आराखडा आठवला. आईचे रक्त, आईचे वजन, बाळाचे वजन. नणंदेला त्यात जागा नव्हती. नणंद दुसऱ्या खात्याची होती, आणि ते खाते मुली शाळा का सोडतात याचा स्वतंत्र अभ्यास करीत होते.

"मी हे लिहिणार आहे," ती म्हणाली.

उंबऱ्यावर बसलेल्या सासूने, मंजुळाबाईंनी, तिच्याकडे पाहिले. "लिव्हा की. मंग योजना बंद करतेल. मंग ही जाईल आन् फडातच बाळंत व्हईल, माझ्या पुतणीवानी. न्हाई लिव्हलं तर पोरगी चाललीच हाय. तुमी शिकलेल्या हायेत. सांगा, दोघीतल्या कुणाला धाडू?"

फोन वाजला. संस्थेचे संचालक होते. "योजना लागू पडली की नाही? एका वाक्यात सांगा."

"सर, एका वाक्यात नाही सांगता येणार."

"मग 'पडली' असं लिहा."

अंगणात करिष्माने जुन्या लुगड्याची चिंधी पिळून चुंबळ केली आणि आरोहीच्या डोक्यावर ठेवली. "हितं. टाळूच्या जरा मागं. मोळी चढली की मान हलवायची न्हाई."

आरोहीने मान ताठ धरली. सोमेश्वरने हाक मारली, तशी ती खाली न बघता, पायाने जमीन चाचपत ट्रॉलीकडे निघाली.